पथ्याची भाकरी

त्या उन्हाळ्यात माझे दोन्ही हात बोटांपासून कोपरापर्यंत काळे पडले, सोलले, फुटले. फक्त डाव्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याखालची जागा तेवढी स्वच्छ राहिली होती. पट्टा काढून बघायचं कुणाला सुचलं नाही. मला नाही, आमच्या आबांना नाही, आणि ज्या दोन डॉक्टरांनी मला टेबलापलीकडूनच बघून मलम लिहून दिलं त्यांनाही नाही.

हे सगळं मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. परवा आमच्या शेजारच्या मुलीला कावीळ झाली. मी भेटायला गेले तर तिची आई मोठ्या कौतुकानं म्हणाली, आम्ही पथ्य इतकं कडक ठेवलंय की पोरीच्या तोंडाला तेलाचा थेंब लागू दिला नाही. मी तिथंच बसकण मारली आणि तिला माझी गोष्ट सांगितली. घरी येताना वाटलं, हे लिहून काढलेलं बरं. मी डॉक्टर नाही, आणि लोकांना शहाणं करायची मला हौसही नाही. माझ्यावर जे बेतलं तेवढंच सांगते.

नवा जिल्हा

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. पाट्यांचा रंग ओला होता, कचेऱ्या भाड्याच्या जागेत होत्या आणि कागद मात्र जुन्या जिल्ह्याचेच आले होते. छापील ‘उस्मानाबाद’ खोडायचं, वर ‘लातूर’चा शिक्का मारायचा आणि मग टाइप करायला घ्यायचं. मी टंचाईच्या शाखेत टायपिस्ट म्हणून लागले होते, अजून कायम व्हायची होते. पाऊस नव्हता. त्याच्या आदल्या वर्षीही धड झाला नव्हता. दिवसभर मी कुठल्या गावाला टँकर पाहिजे त्याची पत्रं बडवायचे आणि जेवणाच्या सुट्टीत घरी जाऊन घागर घेऊन आमच्या गल्लीतल्या टँकरच्या रांगेत उन्हात उभी राहायचे. याचं कधी कधी मला हसू यायचं.

घरात आम्ही दोघंच. मी आणि आबा, म्हणजे माझे वडील. ते उदगीरला रेल्वेत गँगमन होते. रुळांवर घण मारून मारून कंबर गेली होती, त्यामुळे रिटायर झाल्यावर माझ्याकडे आले तेव्हा पाणी आणायचं काम माझ्याकडे आलं आणि स्टोव्ह त्यांच्याकडे गेला. बाप भाकऱ्या थापतो आणि पोरगी नोकरीला जाते, याची गल्लीत बरेच दिवस चर्चा चालली. आबांना त्याचं काही नव्हतं. ड्यूटीवर असताना रुळाच्या कडेला तीन दगड मांडून ते भाकरी करायला शिकले होते, आणि त्यांची भाकरी माझ्या आत्याच्या भाकरीपेक्षा पातळ व्हायची.

आई मी लहान असतानाच गेली, काविळीनं. तिची कावीळ उतरत आली होती म्हणतात. पथ्य सुरू होतं आणि तिला कोंबडीच्या रस्स्याची वासना झाली. ती रडली. आबांना राहवलं नाही, त्यांनी करून घातला. त्यानंतर आठवड्याच्या आत ती बेशुद्ध झाली आणि गेली. मामाकडची माणसं आबांच्या तोंडावर म्हणाली, तुम्ही घास भरवून मारलंत. त्या दिवसापासून आमच्या घरात रस्सा शिजला नाही, आणि रस्सा हा शब्दही कुणी काढला नाही.

पथ्य

माझी कावीळ हिवाळा संपता संपता आली. टँकरच्या पाण्यानंच आली असणार, कारण त्या महिन्यात गल्लीतले बरेच जण पिवळे झाले. भोकरहून माझी आत्या धावत आली. तिच्या ओळखीचा एक माळ घालणारा होता. ती माळ डोक्यावर ठेवली की आपोआप लांब होत जाते आणि पायापर्यंत आली की कावीळ उतरते, असं तिनं स्वतः बघितलं होतं.

आबांनी तिला दारातच थांबवलं. तरुणपणी त्यांनी धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते. अंगारा, गंडा, नवस, यांतलं काहीही नुसतं कानावर पडलं तरी त्यांचं डोकं तडकायचं. ते आत्याला म्हणाले, "माळ न्हाई, मंतर न्हाई. आपुन पथ्य करायचं. पथ्य म्हंजे शास्त्र हाय."

उदगीरच्या एका म्हाताऱ्या वैद्यावर त्यांचा विश्वास होता. त्यानं पथ्य सांगितलं ते आबांनी तोंडपाठ केलं. तेल नाही, तूप नाही, दूध नाही. अंडं, मटण, मासळी नाही. शेंगदाणे नाहीत, कारण त्यात तेल. पिवळी वस्तू कुठलीच नाही, म्हणजे हळद गेली, तुरीचं वरण गेलं, हरभऱ्याची डाळ गेली. ताक चालेल, पालेभाजी चालेल, उसाचा रस चालेल. त्या वर्षीच्या लातुरात रोज ताक, पालेभाजी आणि ऊस मिळवून दाखवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. उरली ती ज्वारीची भाकरी, मीठ आणि ज्वारीच्याच कण्या.

मला वाढून झालं की आबा आपलं ताट घेऊन दारात जायचे आणि माझ्याकडे पाठ करून उंबऱ्यावर बसायचे. ताटात काय आहे ते दिसू द्यायचे नाहीत. लसणाचा वास तेवढा यायचा आणि मला रडू फुटायचं. पण मी मागितलं नाही, कारण मलाही आई आठवत होती.

कावीळ उतरली. डोळे पांढरे झाले, लघवी स्वच्छ झाली, मी कामावर गेले. आता तरी वरण खाऊ द्या, म्हणून मी एकदा म्हटलं. आबांनी पिठात हात तसेच ठेवून माझ्याकडे बघितलं आणि तुझ्या आईचीबी उतरलीच व्हती, एवढंच म्हणाले. मग उन्हाळाभर पथ्य चालू राहिलं.

डाग

आधी वाटलं, ऊन लागलं. टँकरच्या रांगेत उभं राहून हातांच्या पाठी लाल झाल्या, मग विटकरी, मग काळ्या. कातडी जाड होऊन भेगाळली. दोन्ही हात अगदी सारखे, एकाला झालं तेवढंच दुसऱ्याला. मग पायांचे पंजे. मग गळ्याभोवती एक काळा पट्टा उठला, गळपट्टा घातल्यासारखा. जीभ लालबुंद झाली आणि भाकरीवरचं मीठ झोंबायला लागलं. पोट बिघडलं ते बिघडलंच.

आबा उदगीरला जाऊन वैद्याला विचारून आले. रक्तात काविळीचा दोष उरलाय, पथ्य आणखी आवळा, असं त्यानं सांगितलं. जुलाब होतात म्हणून कण्या बंद झाल्या. आता नुसती भाकरी, पाण्यात कुस्करून. आबांनी स्वतः पीठ बघितलं, चाळून बघितलं, चाखून बघितलं. त्याच पिठाची भाकरी ते खात होते आणि त्यांना काहीच होत नव्हतं. म्हणजे पिठात दोष नाही, हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. आमचा सगळा हिशेब तिथंच चुकला.

कचेरीत माझे हात लपवायचे कुठे? टायपिस्टचे हात दिवसभर सगळ्यांच्या समोर असतात. पहिल्यांदा शेजारच्या बाईंनी खुर्ची लांब घेतली. मग एके दिवशी चहा आला तो कान तुटलेल्या कपात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच कपात. शिपायाला विचारलं तर तो खाली बघायला लागला. महारोग, हा शब्द तोवर माझ्यासमोर कुणी उच्चारला नव्हता.

मी ते घरी सांगायला नको होतं, पण सांगितलं. आबा भाकरी थापत होते, त्यांचा हात थांबला. आमच्या माणसांसाठी कप वेगळा ठेवायला लोकांना आजाराची गरज कधी लागली नव्हती. तो कप माझ्या हातांसाठी वेगळा निघाला होता की जुन्याच कारणानं, ते मला तेव्हा ठरवता आलं नाही आणि आजही येत नाही. आबांना दोन्हींत फरक वाटला नाही. ते त्या दिवशी जेवले नाहीत.

शेवटी हेडक्लार्कनी मला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. महारोग नसल्याचा सरकारी दवाखान्याचा दाखला आणा, मग रुजू व्हा, म्हणाले. माझ्या कायम होण्याचे कागद त्यांच्याच टेबलावर होते.

ताट

या भागाबद्दल लिहायला अजून जड जातं.

माझी झोप गेली होती. मग नावं विसरायला लागली. टाइप करताना मी एकच ओळ दोनदा मारायचे, टँकरच्या पत्रात गावाच्या जागी माझंच नाव मारून मोकळी व्हायचे. रजेवर घरी बसल्यावर तर भिंतीकडे बघून बोलायला लागले. पिठाच्या डब्यात कुणीतरी काहीतरी मिसळतंय असं मला वाटायचं, आणि वाटायचं म्हणजे खात्रीच असायची. शेजारीण मिसळते, मग वैद्य मिसळतो, मग फक्त आबाच उरले.

एका दुपारी त्यांनी ताट पुढं ठेवलं आणि मी ते लाथेनं उडवलं.

"तुम्ही मला जेवणातून मारून राहिलात," मी म्हणाले. "आईला मारलं तसंच."

आबांनी खाली बसून भाकरीचे तुकडे वेचले, फुंकर मारून ताटात ठेवले आणि ताट बाजूला झाकून ठेवलं. वेड्या माणसाला आपण काय बोललो ते आठवत नाही असं लोक म्हणतात. मला त्या दुपारचा प्रत्येक शब्द आठवतो.

आत्या पुन्हा आली. माझा गळा बघून तोंडात पदर कोंबून रडली. हे बाहेरचं आहे, भोकरजवळ भूतबाधा उतरवणारा एक जाणता आहे, तिकडे नेऊ, असं ती धरून बसली. आणि या वेळी आबांनी तिला दारात थांबवलं नाही. ज्या माणसानं आयुष्यभर अंगाऱ्याला हात लावला नाही तो उंबऱ्यावर बसून विचार करत होता. मला त्या माणसाची दया आली, डोक्यात भ्रम होता तरी आली. मग ते आत्याला म्हणाले, आधी नांदेडच्या मोठ्या सरकारी दवाखान्याचा दाखला आणतो, मग तू म्हणशील तिकडं येतो.

नांदेड

अहमदपूर, लोह्यावरून एसटी जाते. मी खिडकीला बसले होते, हात पदराखाली. कंडक्टरला पैसे द्यायला हात बाहेर काढला आणि शेजारची बाई उठून मागे जाऊन उभी राहिली. आबांनी आपलं उपरणं माझ्या दोन्ही हातांवर पसरलं आणि नांदेड येईपर्यंत वर आपला हात ठेवून बसले.

सरकारी दवाखान्याचा वॉर्ड सगळीकडे सारखाच. फिनेलचा वास, सकाळी थर्मामीटर, नंतर पातळ पेज, दुपारी माश्या, संध्याकाळी नातेवाइकांची गर्दी. माझ्या शेजारच्या खाटेवर चंद्रकलाबाई होत्या. त्यांचा नवरा विष्णुपुरीच्या धरणावर कामाला, आणि त्यांना पोटातली गाठ काढायची होती. पहिल्याच सकाळी त्या माझ्या खाटेवर येऊन बसल्या आणि न विचारता माझी वेणी घालायला लागल्या. मी म्हटलं, बाई, माझ्या अंगाला हात लावू नका. त्या म्हणाल्या, "केसाला काय झालंय तुज्या? केस तर चांगले हायेत." किती दिवसांनी आबांशिवाय कुणाचा तरी हात अंगाला लागला होता. मी रडले आणि त्यांनी वेणी पुरी केली.

शिकाऊ डॉक्टरांनी डागांवर कापूस फिरवला, टाचणी टोचली, मला सगळं कळत होतं. कानाच्या पाळीतून नमुना घेऊन तपासला. महारोग नाही, असं त्यांनी सांगितलं. मला वाटलं आता दाखला मिळेल आणि संपलं. पण मग हे काय आहे, ते कुणालाच सांगता येईना. एकजण म्हणे कसलीतरी ॲलर्जी, दुसरा म्हणे डोक्याच्या डॉक्टरला दाखवा. माझ्या समोर माझ्यावर वाद चालला होता आणि मला त्यातलं निम्मं कळत होतं, निम्मं माझ्याविरुद्धचा कट वाटत होता.

घड्याळ

मोठ्या डॉक्टरबाई राउंडला आल्या. कुलकर्णी नावाच्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि चादरीवर शेजारी शेजारी ठेवले. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "घड्याळ काढ."

ते घड्याळ नोकरी लागली तेव्हा आबांनी घेऊन दिलेलं. मी आंघोळीलासुद्धा काढायला कुरकुर करायचे. पट्टा सुटला आणि खालची कातडी बघून मीच दचकले. तिथं काहीच झालं नव्हतं. बाईंनी माझी बाही वर सरकवली, बाहीखालीही स्वच्छ. गळ्याचा पट्टा ब्लाऊजच्या काठावर संपत होता.

मग त्यांनी विचारलं, उन्हात कुठे असतेस? मी टँकर म्हटलं. आणि खातेस काय?

हा प्रश्न आबांचा होता. ते पुढे झाले, टोपी नीट केली आणि सगळं पथ्य सांगितलं. तेल नाही, दूध नाही, डाळ नाही, अंडं नाही, शेंगदाणा नाही. कुठेही अडखळले नाहीत. एवढ्या महिन्यांत एकदाही मोडलं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. त्यांच्या आवाजात अभिमान होता, आणि तो असायलाच हवा होता. एवढी राखण कुणा आईनंही केली नसती.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि तुम्ही काय खाता?"

"म्या बी भाकरीच."

"नुसती?"

आबांची मान खाली गेली. "शेंगदान्याची चटनी खातो बाई. खोटं कशाला बोलू. आन् सकाळी दुधाचा चहा घेतो. पोरीला वासना होऊ नये म्हून दारात बसून खातो." चोरी कबूल करावी तसं ते बोलत होते.

"त्या चटणीनं तुम्हाला वाचवलं," बाई म्हणाल्या.

पुढचं त्यांनी आम्हाला कळेल असं सांगितलं. ज्वारी चांगलं धान्य आहे, आपण पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर जगलो. पण माणूस नुसत्या ज्वारीवर राहिला, तिच्या जोडीला डाळ, दूध, शेंगदाणा, मांस यातलं काहीच नसलं, की शरीराला एक जीवनसत्त्व मिळत नाही. मग ऊन लागतं तिथली कातडी आधी जाते, नंतर पोट, नंतर डोकं. याला पेलाग्रा म्हणतात. गोळ्यांनी आणि खाण्यानं बरा होतो, आणि लवकर होतो. मग त्या आबांकडे बघून म्हणाल्या, "असे पेशंट मी दर टंचाईत बघते. त्यांना मिळत नाही म्हणून होतं. घरात असून दिलं नाही, असं पहिल्यांदा बघितलं."

आबांनी विचारलं, "म्हंजे पथ्यानं झालं?"

"पथ्यानं," बाई म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

आबा बाहेर गेले ते संध्याकाळी आले. हातात उकडलेली अंडी, भाजलेल्या शेंगा आणि दूध होतं. ते त्यांनी माझ्या खाटेवर ठेवलं नाही. चंद्रकलाबाईंच्या पुढे ठेवलं आणि म्हणाले, हे तुम्ही द्या तिला, माझ्या हातचं नको.

डोकं ताळ्यावर

गोळ्या सुरू झाल्या आणि कातडीच्या आधी डोकं सुधारलं. पहिल्यांदा पोटभर झोप लागली. मग एका सकाळी वॉर्डातल्या बायकांची नावं ओळीनं आठवली. पिठात कुणी काही मिसळत नव्हतं हे लख्ख कळलं, आणि त्याच वेळी मी आबांना काय बोलले तेही तितकंच लख्ख समोर आलं. बरं होण्यात एवढं दुःख असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी भ्रमात जे बरळले होते ते डॉक्टरबाईंनी शुद्धीत, वेगळ्या शब्दांत सांगितलं होतं. आबा दिवसभर वॉर्डाच्या दाराशी बसायचे, आत यायचे नाहीत. चंद्रकलाबाई मला अंडं सोलून द्यायच्या आणि मी ते त्यांच्याकडे बघत खायचे.

सुट्टी मिळायच्या दिवशी डॉक्टरबाईंनी दाखला लिहून दिला. आबा शेजारी उभे होते. मी मुद्दाम त्यांच्या समोर विचारलं, "बाई, माझी आई काविळीत गेली. उतारावर होती, आणि आबांनी तिला रस्सा करून घातला. त्यानं गेली का?"

आबांनी माझा दंड धरला. मी सोडवून घेतला नाही.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मी त्यांना तपासलं नव्हतं, तेव्हा शपथेवर सांगता येणार नाही. पण रस्स्यानं कावीळ वाढत नाही. ज्यांची मेंदूपर्यंत जायची त्यांची ती नुसत्या पाण्यावर ठेवलं तरी जाते." मग आबांकडे वळून म्हणाल्या, "त्यांना शेवटी मनासारखं जेवायला मिळालं. तुम्ही एवढंच केलंत."

आबांनी टोपी काढली, हातात फिरवली, पुन्हा डोक्यावर घातली. एसटीत ते खिडकीबाहेर बघत बसले होते. लोहा गेलं, अहमदपूर गेलं.

समोरासमोर

मी कामावर रुजू झाले. हेडक्लार्क दाखला बघून मनापासून हसले आणि कायम होण्याचे कागद पुढे पाठवले. कान तुटलेला कप मात्र तसाच येत राहिला. थोडे दिवस मी त्यात चहा प्यायले, मग एका दुपारी सगळ्यांच्या देखत तो खिडकीतून खाली टाकून दिला. दुसऱ्या दिवसापासून मला बाकीच्यांसारखा कप यायला लागला.

घरात मात्र स्टोव्ह पेटत नव्हता. आबा खानावळीतून डबा आणायचे. त्यात वरण असायचं, भाजी असायची, कधी अंड्याची आमटी. मला वाढायचे, स्वतः थोडं खायचे, आणि परात पालथीच पडलेली असायची. मी काही बोलायला गेले की ते पाण्याचं विचारायचे.

एका आयतवारी मी परात काढली आणि पीठ मळायला बसले. हाताची नवी कातडी कोवळी होती, गरम पाणी झोंबत होतं, आणि मला भाकरी कधीच नीट आली नाही. पहिली तव्यावर टाकतानाच फाटली. आबा दारातून बघत होते.

"आबा, तुम्ही करा," मी म्हणाले.

"माझ्या हातचं नको म्हणलो ना." मग म्हणाले, "तू म्हणली व्हतीस, जेवणातून मारून राहिलात. ते खरंच निघालं की माय."

महिनाभर मी ज्या वाक्याला भीत होते ते त्यांनीच पुढं आणून ठेवलं. मला माफी मागायची होती आणि तोंडातून निघालं ते वेगळंच. "भाकरी वाईट नव्हती, आबा. ती एकटी होती."

ते आत आले, हात धुतले, माझ्या हातातला गोळा घेतला आणि थापायला लागले. मी शेंगदाणे भाजले, लसूण सोलला, मिरची घालून खलबत्त्यात चटणी कुटली. दोघांची ताटं एकसारखी वाढली. आबांनी सवयीनं आपलं ताट उचललं आणि दाराकडे निघाले.

"इकडं बसा," मी म्हणाले.

ते वळले आणि माझ्या समोर येऊन बसले. त्यांनी घास मोडला, चटणीला लावला आणि माझ्याकडे बघत खाल्ला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते चटणी तिखट झालीय म्हणाले. तिखट झाली नव्हती. मीही रडत होते, आणि जेवत होते.

अर्धी भाकरी झाल्यावर ते ताटाकडे बघत म्हणाले, "फुडल्या आयतवारी कोंबडी आणतो. रस्सा करतो, तुझ्या आईला केला व्हता तसा."

मी आणा म्हणाले आणि आणखी एक भाकरी मागितली.